मातीचा रानससा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डेव्हन नावाचा परगणा आहे. त्याच्या मध्यभागी डार्टमूर हे विस्तीर्ण व वाऱ्याने सदैव झोडपलेले माळरान पसरलेले असून, त्याच्या कुशीत वाइडकूम हे लहानसे खेडे वसलेले आहे. खेड्याच्या मानाने तेथील दगडी चर्च बरेच मोठे आहे. आत शिरून मान वर केली असता छताच्या लाकडी तुळया दृष्टीस पडतात. या तुळया जेथे एकमेकींना छेदतात, तेथे सांधे झाकण्यासाठी लाकडात कोरलेल्या वाटोळ्या चकत्या बसविलेल्या आहेत. त्यांपैकी एका चकतीवर तीन ससे एकामागून एक गोलाकार धावत आहेत. प्रथमदर्शनी त्यात विशेष काही वाटत नाही. परंतु पाहणारा चौकस असेल, तर तो सशांचे कान मोजू लागतो आणि बुचकळ्यात पडतो. प्रत्येक सशाला दोन कान आहेत. मात्र तिन्ही सशांचे मिळून कान सहा नसून तीनच आहेत! मध्यभागी कानांचा एक त्रिकोण झाला असून, त्यातील प्रत्येक कान शेजारच्या दोन सशांनी वाटून घेतला आहे.

डेव्हनमधील पंधराहून अधिक जुन्या चर्चांच्या छतांवर हे तीन ससे आढळतात. डार्टमूरवर पूर्वी कथिलाच्या खाणी होत्या. त्यामुळे तेथील लोक या सशांना खाणकऱ्यांचे ससे म्हणू लागले. वस्तुतः हे चित्र एकट्या डेव्हनचे नव्हे. त्याचे सर्वांत जुने ज्ञात नमुने चीनमधील दुनह्वांग येथील बौद्ध लेण्यांच्या छतांवर असून, ते इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांतील आहेत. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर एखादी कल्पना किती दूरवर प्रवास करते, याचे हे उत्तम उदाहरण होय. भारतीय मनाला तर ससा मुळीच परका नाही. चंद्राला शशांक आणि शशी ही नावे सशावरूनच मिळाली. अतिथीसाठी स्वतःचा देह अग्नीत टाकण्यास सिद्ध झालेल्या सशाची आकृती शक्राने चंद्रावर रेखाटली, अशी सुंदर कथा जातककथांत आहे. इंग्लंडमधील कुंभारही आज चंद्राकडे तोंड करून बसलेला ससा मोठ्या आवडीने घडवितात आणि असा ससा दिसणे तेथे शुभ मानले जाते.

मराठीत ससा हा एकच शब्द आहे. परंतु इंग्लंडमध्ये सशाच्या दोन जातींत स्पष्ट भेद केला जातो. एक बिळात राहणारा, आखूड कानांचा, कळपाने राहणारा ससा. आणि दुसरा उघड्या शेतात राहणारा, लांब कानांचा व लांब पायांचा रानससा. लोककथांचा नायक आहे तो हा दुसरा. तो बीळ करीत नाही. गवतात एक उथळ खळगा करून त्यातच तो दबून बसतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ असतात आणि त्यांचे डोळेही उघडेच असतात. यावरूनच, रानससा झोपेतही डोळे मिटीत नाही, अशी समजूत प्रचलित झाली असावी. वसंत ऋतूच्या आरंभी हे ससे मागील पायांवर उभे राहून एकमेकांना पुढील पायांनी ठोसे मारताना दिसतात. पूर्वी लोकांना वाटे की, हे दोन नरांचे द्वंद्वयुद्ध आहे. निरीक्षणाने मात्र असे आढळले की, बहुधा मादीच नको असलेल्या नराला अशा रीतीने पिटाळून लावीत असते. संध्याकाळच्या धूसर उजेडात निर्जन शेतात असा प्राणी माणसासारखा उभा राहिलेला दिसला आणि पुढच्याच क्षणी नाहीसा झाला, तर त्याच्याविषयी कथा निर्माण झाल्यावाचून कशा राहतील?

या कथांची परंपरा फार जुनी आहे. रोमन सेनापती ज्युलियस सीझर याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ब्रिटनवर स्वारी केली. तेथील लोक रानससा, कोंबडा आणि हंस हे प्राणी पाळतात, परंतु ते खाणे निषिद्ध मानतात, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. पुढे इसवी सन ६० च्या सुमारास बूडिका या राणीने रोमन सत्तेविरुद्ध बंड उभारले. लढाईपूर्वी तिने आपल्या वस्त्राच्या घडीतून एक ससा सोडला आणि तो ज्या दिशेने धावला तीवरून शुभ शकुन झाल्याचे लोकांनी मानले, असे कॅसियस डिओ हा इतिहासकार सांगतो. ससा एके काळी पूज्य होता, हे या दोन उल्लेखांवरून दिसून येते.

परंतु लोकसमजुतींना काळी बाजूही असते. पुढे हाच ससा लोकांना भयावह वाटू लागला. गाईचे दूध अचानक आटले, तर कोणी चेटकीण सशाचे रूप घेऊन रात्री गोठ्यात शिरते आणि दूध पिऊन जाते, असे खेडूत म्हणू लागले. अशा सशाला साधी गोळी लागत नाही, चांदीचीच गोळी लागते. आणि ज्या रात्री सशाचा पाय जायबंदी होतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातील एखादी म्हातारी लंगडताना दिसते, असा या कथेचा ठरलेला शेवट असे. शेकोटीभोवती बसून ऐकताना ही कथा रंजक वाटते खरी. परंतु ती खरी मानणाऱ्यांच्या गावात राहणाऱ्या एखाद्या निराधार, लंगड्या वृद्धेची काय अवस्था होत असेल, याचा विचार केला पाहिजे. १६६२ साली स्कॉटलंडमधील ऑल्डर्न या गावी इझोबेल गाउडी नावाच्या स्त्रीवर चेटकाचा आरोप ठेवण्यात आला. आपण सशाचे रूप घेत होतो व कुत्री आपल्या मागे लागली होती, असा कबुलीजबाब तिच्या नावावर लिहिला गेला. तो आजही उपलब्ध आहे. परंतु त्या स्त्रीचे पुढे काय झाले, याची एकही नोंद उरलेली नाही. अशा आरोपांपायी ब्रिटनमध्ये शेकडो निरपराध माणसांना, विशेषतः स्त्रियांना, प्राणांस मुकावे लागले. अखेर १७३५ साली पार्लमेंटने नवा कायदा करून चेटकाबद्दलचे जुने कायदे रद्द केले. माणूस कथा रचतो. परंतु कथेवर आंधळा विश्वास ठेवला, तर तीच कथा कोणाच्या तरी जिवावर बेतते.

ब्रिटनमधील इतर प्राण्यांभोवतीही अशाच कथा गुंफलेल्या आहेत. घरचा यजमान मृत्यू पावला, तर मधमाश्यांच्या पेट्यांजवळ जाऊन ती वार्ता त्यांना हलक्या आवाजात सांगावी, नाहीतर माश्या पेटी सोडून जातात, अशी तेथे जुनी प्रथा आहे. २०२२ साली राणी दुसरी एलिझाबेथ निवर्तली, तेव्हा राजवाड्यातील मधमाश्यांनाही ही वार्ता रीतसर सांगण्यात आली. सफोक परगण्यात काळ्या कुत्र्याची कथा प्रसिद्ध आहे. ४ ऑगस्ट १५७७ रोजी भयंकर वादळ चालू असताना बंगी गावाच्या चर्चमध्ये एक काळा कुत्रा शिरला आणि त्याच्या स्पर्शाने माणसे मरण पावली, असे त्या वेळी छापलेल्या एका पुस्तिकेत म्हटले आहे. तो कुत्रा म्हणजे कडाडून पडलेली वीज असावी, हे आज सहज ध्यानात येते. बंगी गावाने मात्र या कुत्र्याचा राग धरला नाही. ज्याची एके काळी धास्ती होती, तोच आज गावाचे मानचिन्ह होऊन बसला आहे!

ज्या देशात प्राण्यांविषयी इतक्या कथा, तेथील कुंभारांच्या हातांत त्या उतरल्या नसत्या तरच नवल. स्टॅफर्डशर हा परगणा मातीकामासाठी विख्यात आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील कुंभार घुबडाच्या आकाराचे सुरेख कुंभ करीत असत. तांबूस मातीवर पांढऱ्या व तपकिरी मातीच्या पातळ राबड्याच्या रेषा ओढून ते पिसांचा भास निर्माण करीत. घुबडाचे डोके उचलले की त्याचाच पेला होई! पुढे अठराव्या शतकात नॉटिंगहॅम येथे अस्वलाचे कुंभ निघाले. ओल्या अंगावर मातीचा चुरा चिकटवून कुंभार अस्वलाची दाट लव साधीत.

एकोणिसाव्या शतकात मात्र या कलेने निराळे वळण घेतले. राणी व्हिक्टोरियाच्या काळात घरोघरी शेकोटीच्या फळीवर मातीच्या कुत्र्यांची जोडी मांडण्याची हौस निर्माण झाली. हे कुत्रे साच्यात दाबून हजारोंच्या संख्येने काढले जाऊ लागले. फळीवर ठेवल्यावर पाठ कोणाला दिसत नाही, म्हणून पुष्कळदा मूर्तींची पाठ सपाटच ठेवली जाई. कारखान्यांत साचे वाहण्याचे व मूर्ती रंगविण्याचे काम लहान मुलांकडून करून घेत. आठ-नऊ वर्षांची मुले धुळीने व उष्णतेने भरलेल्या खोल्यांत दिवसभर राबत असत. अखेर १८६४ च्या कायद्याने मातीकामाचे कारखाने निर्बंधांखाली आले आणि मुलांचे कामाचे तास मर्यादित झाले. त्या गोंडस कुत्र्यांच्या डोळ्यांतील काळे ठिपके किती चिमुकल्या बोटांनी काढले असतील, हे त्यांच्याकडे पाहताना विसरता येत नाही.

साच्याच्या या युगात लंडनजवळ चार भावांनी हाताने मूर्ती घडविण्याचा ध्यास घेतला. ते मार्टिन बंधू होत. थोरला रॉबर्ट वॉलेस हा शिल्पकार होता. पार्लमेंटच्या इमारतीवरील दगडी कोरीव कामात त्याने उमेदवारी केली होती. जुन्या चर्चांच्या पन्हाळींवर जी विचित्र, अर्धी पशूंची व अर्धी माणसांची तोंडे कोरलेली असतात, ती त्याच्या मनात घर करून राहिली. १८७३ साली या भावांनी मातीकाम आरंभिले आणि १८७७ साली साउथॉल येथे, कालव्याच्या काठी, साबणाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात त्यांनी आपली भट्टी बांधली. रॉबर्ट मूर्ती घडवी, वॉल्टर चाकावर भांडी काढी व भट्टी सांभाळी, एडविन मासे आणि फुले कोरी आणि चार्ल्स लंडनमधील दुकान पाही.

रॉबर्टच्या हातून जे पक्षी उतरले, त्यांना तोड नाही. ते कोणत्याही एका लोककथेतील नव्हेत. तथापि सर्व लोककथांचा अर्क त्यांत उतरला आहे. टक्कल पडलेला, चोच वाकडी करून तिरप्या नजरेने पाहणारा हा पक्षी आपली लबाडी ओळखून गालांत हसत आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. त्या काळच्या लोकांना या पक्ष्यांत न्यायाधीश, वकील व मंत्री यांचे चेहरे दिसत. मुंडके उचलले की आत तंबाखू ठेवण्याची जागा असे.

हे बंधू मिठाची झिलई देत. भट्टी अत्यंत तापली म्हणजे तीत मूठमूठ मीठ टाकतात. मिठाची वाफ मातीतील वाळूच्या अंशाशी संयोग पावते आणि मूर्तीवर संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत, चमकदार काच चढते. परंतु हे काम भरवशाचे नाही. मार्टिन बंधूंच्या मूर्ती भट्टीत ज्वाळांसमोर उघड्याच ठेवलेल्या असत. त्यामुळे अनेक महिन्यांच्या श्रमांवर एका रात्रीत पाणी पडे. कित्येकदा भट्टी उघडल्यावर मोजकेच नग धड निघत. तरी त्यांनी साच्याचा आश्रय केला नाही. चार्ल्सला तर आपल्या भावांच्या कृतींचा एवढा लोभ होता की, उत्तम वस्तू गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून तो त्या दुकानाच्या तख्तपोशीखाली लपवून ठेवी, असे सांगतात. १९०३ साली त्या दुकानास आग लागली आणि जपून ठेवलेला सारा संचय नष्ट झाला. या आघातातून चार्ल्स सावरला नाही. १९१० साली त्याचा अंत झाला. वॉल्टर १९१२ साली व एडविन १९१५ साली निवर्तला. भट्टीची विद्या वॉल्टरबरोबर गेली आणि चाकाची घरघर थांबली. जे पक्षी त्यांनी थोडक्या किमतीस विकले, तेच आज मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने बसले आहेत.

मार्टिन बंधूंच्या नंतरही ब्रिटनमध्ये हाताने मूर्ती घडविणारे कलावंत आहेत आणि त्यांच्या हातून रानससा पुन्हा पुन्हा जन्म घेत आहे. तो कसा जन्मतो, हे पाहण्याजोगे आहे.

प्रारंभ अर्थातच मातीपासून होतो. डार्टमूरचा खडक ग्रॅनाइटचा आहे. कोट्यवधी वर्षांच्या ऊनपावसाने तो झिजला आणि त्याची बारीक माती ओढ्यांबरोबर वाहत जाऊन पायथ्याच्या बोवी खोऱ्यात साठली. ही माती अतिशय चिकट व मऊ असून भाजल्यावर पांढुरकी होते. हीच माती जहाजांत भरून स्टॅफर्डशरला जात असे. ज्या माळरानावर रानससे धावतात, त्याच माळरानाचा खडक अशा रीतीने मातीच्या सशाचे अंग बनतो! मूर्तीसाठी मात्र नुसती चिकट माती उपयोगी पडत नाही. तीत भाजलेल्या मातीचा भरड चुरा मिसळतात. त्यामुळे मातीस बळ येते व वाळताना ती कमी आकसते. नंतर ही माती कणकेसारखी तिंबून एकजीव करावी लागते. आत हवेचे बुडबुडे किंवा कोरडे खडे राहता कामा नयेत.

ससा भरीव करून चालत नाही. तो पोकळच असावा लागतो. कलावंत मातीच्या लांब वळ्या करतो, त्या एकीवर एक रचतो आणि बोटांनी सांधे बुजवीत सशाचे अंग उभारतो. भिंतीची जाडी सर्वत्र सारखी राहील, याविषयी त्याला डोळ्यांत तेल घालून दक्षता घ्यावी लागते. खालचा थर थोडा घट्ट झाल्यावाचून वरचा थर चढविता येत नाही. घाई केली तर सारे अंग आपल्याच भाराने खचते. तळाशी एक लहानसे भोक ठेवावे लागते. भट्टीत मूर्ती फुटते ती आत कोंडलेल्या हवेमुळे, असे पुष्कळांस वाटते. खरा शत्रू आहे पाणी. मातीत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळच्या सुमारे सतराशे पट जागा मागते. आणि ती जागा न मिळाल्यास मूर्तीच्या ठिकऱ्या उडतात.

अंग तयार झाले म्हणजे कानांची पाळी येते. हाच या कामातील कसोटीचा प्रसंग होय. कान लांब, पातळ आणि नाजूक. अंग जाड आणि ओले. पातळ कान लवकर वाळतात व आकसतात. अंग मात्र मागे राहते. दोहोंची ओढाताण होऊन नेमकी कानाच्या मुळाशी चीर पडते. यास्तव कान व अंग सारखेच ओलसर असताना, चामड्याइतके घट्ट झाल्यावर, दोन्हींच्या कडांवर ओरखडे काढून व मातीचे राबडे लावून ते जोडतात. नंतर कानांभोवती ओले फडके गुंडाळतात, म्हणजे ते अंगाच्या पुढे धावत नाहीत. सर्व मूर्ती एकाच गतीने वाळली पाहिजे. तीन सशांनी तीन कानांत भागविले. येथे मात्र एका सशाचे दोन कान सांभाळताना कलावंताची पुरेवाट होते.

सशाचा एकेक केस कोरण्याच्या भरीस चांगला कलावंत पडत नाही. तो शेतात जाऊन खरा ससा पाहतो. मागील पायांचा तो ताणलेला धनुष्यासारखा बाक, डोक्याच्या दोन्ही बाजूंस असलेले मोठे पिवळसर डोळे, कानांची काळी टोके आणि कोणत्याही क्षणी उसळण्याची तयारी, एवढे साधले की माती जिवंत होते. कथेतील अद्भुत ते घडवायचे असेल, तर आधी प्राण्यातील सत्य जाणावे लागते.

दोन-तीन आठवडे सावलीत वाळल्यावर ससा पहिल्या भट्टीत जातो. उष्णता प्रथम अगदी मंद ठेवतात. १०० अंशांच्या सुमारास उरलेसुरले पाणी निघून जाते. पुढे सुमारे ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतच बद्ध असलेले पाणी बाहेर पडते. यानंतर ती माती पुन्हा कधीही पाण्यात विरघळत नाही. ५७३ अंशांवर मातीतील गारेचे कण एकाएकी फुगतात. भट्टी निवताना त्याच टप्प्यावर ते पुन्हा आकसतात. म्हणून हा उंबरठा ओलांडताना भट्टी चढवतानाही आणि उतरवतानाही सबुरी धरावी लागते. सुमारे १००० अंशांवर पहिली भाजणी पुरी होते. मग लोहभस्म पाण्यात कालवून ते अंगावर लावतात आणि पुसून घेतात. ते खाचांत उरून तपकिरी रंगाची छाया देते. त्यावर लाकडाच्या राखेची झिलई चढवितात आणि सुमारे १२५० अंशांपर्यंत दुसरी भाजणी देतात. या प्रखर उष्णतेत माती दगडासारखी टणक होते. मूळच्या ओल्या मूर्तीपेक्षा भाजलेला ससा सुमारे आठव्या ते दहाव्या हिश्श्याने लहान भरतो.

भट्टीच्या आत काय चालले आहे, हे कळावे म्हणून एका लहान भोकासमोर विशिष्ट मातीचे शंकू उभे करून ठेवतात. ठरलेली उष्णता पोहोचली म्हणजे शंकू मऊ होऊन वाकतो. शंकू वाकला की आच बंद करावी आणि वाट पाहावी. ही वाट पाहणे सर्वांत कठीण. उतावळेपणाने भट्टी उघडली आणि गार वारा आत शिरला, तर महिनाभराचे काम एका क्षणी तडकते. एक अहोरात्र, कधी त्याहूनही अधिक काळ, हात बांधून बसावे लागते. जो कलावंत माती हवी तशी वळवितो, त्यालाही अखेर अग्नीपुढे मान लववावी लागते.

मग दार उघडते. कधी कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसते आणि सारा खटाटोप नव्याने आरंभावा लागतो. कधी मात्र झिलई राखाडी-हिरवी ओघळून पाठीवरील खाचांत थांबलेली असते, कान सरळ उभे असतात आणि ससा मान वर करून जणू चंद्राकडे पाहत असतो. त्याच्या अंगी चेटूक नाही. त्याच्यामुळे कोणाच्या गाईचे दूध आटत नाही आणि कोणत्याही म्हातारीला भिण्याचे कारण उरत नाही. पूर्वजांनी रानसशाकडे पाहून जे नवल अनुभविले, तेवढे त्या मूर्तीत उरलेले असते; त्यांनी त्यात मिसळलेले भय अग्नीत जळून गेलेले असते.

परंपरा म्हणजे केवळ जुने ते जसेच्या तसे जपणे नव्हे. माती तिंबताना कुंभार तीतील खडे वेचून टाकतो आणि मगच मूर्ती घडवितो. पूर्वजांकडून आलेल्या कथांच्या बाबतीतही प्रत्येक पिढीला हेच करावे लागते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वाइडकूमच्या चर्चमधील तीन सशांचे वैशिष्ट्य काय आहे?
(आ) बूडिका राणीने लढाईपूर्वी काय केले?
(इ) मूर्ती भट्टीत फुटण्याचे खरे कारण कोणते?
(ई) भट्टीत शंकू कशासाठी ठेवतात?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) रानससा व बिळात राहणारा ससा यांतील फरक सांगा.
(आ) सशाचे कान जोडताना कलावंतास कोणती काळजी घ्यावी लागते? का?
(इ) मार्टिन बंधूंनी साच्याचा आश्रय केला असता, तर त्यांचा कोणता लाभ व कोणती हानी झाली असती, असे तुम्हांस वाटते?

३. 'माणूस कथा रचतो. परंतु कथेवर आंधळा विश्वास ठेवला, तर तीच कथा कोणाच्या तरी जिवावर बेतते.' या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.

४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यांत उपयोग करा : बुचकळ्यात पडणे, जिवावर बेतणे, मनात घर करणे, श्रमांवर पाणी पडणे, डोळ्यांत तेल घालून दक्षता घेणे.

५. 'शशी' व 'शशांक' या शब्दांप्रमाणे चंद्राची आणखी पाच नावे लिहा व त्यांचे अर्थ शोधा.

६. उपक्रम : तुमच्या गावात किंवा घरात एखाद्या प्राण्याविषयी सांगितली जाणारी कथा वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. त्या कथेत नवल कोणते व भय कोणते, याची वर्गात चर्चा करा. नंतर त्या प्राण्याचे प्रत्यक्ष निरीक्षण करून त्याची मातीची लहान मूर्ती घडवा.